नावाची हर्रासी

हळदीकुंकवाला नवी नवरी आली की पहिला आग्रह कसला होतो? ‘नाव घे!’ मग ती लाजते, हळूच सासूकडे बघते आणि उखाण्यात गुंफून नाव घेते. नाव घ्यायला आपल्याकडे एवढंच लागतं. इंटरनेटवर मात्र नाव घ्यायचं तर पैसे मोजावे लागतात. आणि एकाने घेतलेलं नाव दुसऱ्याला हवं असेल, तर त्याची चक्क हर्रासी होते. रेतीघाटाची होते, तेंदूपानाची होते, गावतलावातल्या मासोळीची होते, तशीच. एक वार, दोन वार, तीन वार!

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय त्याचं? धानाची रोवणी, पोरांच्या शाळा, गटाची बैठक, यातून सवड कुठे? पण मैत्रिणींनो, आता आपल्या गटाच्या पापडाच्या पाकिटावरही वेबसाइटचा पत्ता छापलेला असतो. मुलीची ॲडमिशन, बँकेचं खातं, गॅसचं बुकिंग, सगळ्याला एकेक पत्ता आहे. तो कोणाच्या नावावर आहे, तो विकला कसा जातो आणि हातचा कसा जातो, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. म्हणून आज हा थोडा वेगळा विषय घेतलाय.

दारावरची पाटी

मोबाईलवर आपण अमुक डॉट कॉम, तमुक डॉट इन असं जे टाकतो, त्याला डोमेन नेम म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर वेबसाइटच्या दारावरची पाटी. फरक एवढाच की ‘लक्ष्मी किराणा’ नावाचं दुकान सडक अर्जुनीत असू शकतं, साकोलीत असू शकतं आणि गोंदियात तर चार असू शकतात. इंटरनेटवर मात्र ‘लक्ष्मीकिराणा डॉट कॉम’ जगात एकच. ज्याने आधी घेतलं, त्याचं. सगळ्या धंद्याचं मूळ इथेच आहे.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हे नाव कायमचं विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षं. डॉट कॉमचं नाव साधारण हजार-बाराशे रुपये वर्षाला पडतं, डॉट इन बहुधा त्याहून स्वस्त. मुदत संपायच्या आत पैसे भरले तर नाव तुमचं, नाहीतर पाटी उतरली म्हणून समजा. १९९५ पर्यंत तर ही नावं फुकट मिळत होती, त्यानंतर पैसे आकारायला सुरुवात झाली. आपल्या देशाचं डॉट इन २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. त्याचा कारभार निक्सी ही आपल्या देशातली संस्था पाहते. जगभरातल्या नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणारी संस्था म्हणजे आयकॅन. ती १९९८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली.

२०१४ च्या ऑगस्टपासून तर देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळू लागलं. म्हणजे सगळा पत्ता आपल्या मराठीत लिहायची सोय झाली. ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे?

मुंबईचे दोन भाऊ

हा धंदा फक्त अमेरिकेचा आहे असं समजू नका. भाविन आणि दिव्यांक तुरखिया हे मुंबईचे दोन भाऊ. १९९८ मध्ये एक १८ वर्षांचा, दुसरा १६ वर्षांचा. वडिलांकडून २५ हजार रुपये उसने घेऊन त्यांनी ‘डायरेक्टी’ ही कंपनी काढली. इंटरनेटवरची नावं नोंदवून देणं हा त्यांचा मोठा धंदा. पुढे रिसेलरक्लब, बिगरॉक ही त्यांचीच दुकानं नावारूपाला आली. रिसेलरक्लबचं काम घाऊक व्यापाऱ्यासारखं होतं. त्यांच्याकडून नावं घ्यायची आणि गावोगावच्या वेबसाइट बनवणाऱ्यांनी ती किरकोळीत विकायची.

दिव्यांक यांनी त्यातच आणखी एक युक्ती ओळखली. लोकांनी नावं घेऊन ठेवलेली असतात, पण त्यावर वेबसाइट नसते. रिकामा प्लॉट पडून असतो तसं. पण त्या पत्त्यावर चुकूनमाकून येणारे लोक असतातच. मग त्या रिकाम्या प्लॉटवर जाहिरातीचा फलक लावला तर? ‘स्केन्झो’ या नावाने त्यांनी हे काम सुरू केलं. याला डोमेन पार्किंग म्हणतात. २०१४ मध्ये नावं आणि वेबसाइटच्या जागा विकणारा त्यांचा व्यवसाय अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने सुमारे ११ कोटी डॉलरला घेतला. २०१६ मध्ये दिव्यांक यांची मीडिया डॉट नेट ही जाहिरात कंपनी ९० कोटी डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सहा हजार कोटी रुपयांना विकली गेली.

यातलं मर्म काय? या भावांना पैसा मिळाला तो एखाद्या सोन्यासारख्या नावाची लॉटरी लागली म्हणून नाही. त्यांनी बाजारच मांडला. जत्रेत खेळणी विकणाऱ्याला कधी नफा, कधी तोटा; पण जागेचं भाडं घेणाऱ्याचा गल्ला रोज भरतो. नावांच्या बाजारातही तसंच आहे.

लिलावाची भिशी आठवा

आता ही हर्रासी होते कशी, ते पाहू. आपल्यापैकी बऱ्याचजणींनी लिलावाची भिशी खेळलेली असेल. जिला पैशाची निकड जास्त, ती जास्त रक्कम सोडते आणि भिशी उचलते. इथे उलटं. जो जास्त देईल त्याचं नाव.

हर्रासीत नावं येतात ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट, मालक स्वतःच विकायला काढतो. गोडॅडी, सेडो यांसारख्या कंपन्यांच्या साइटवर तो कमीत कमी किंमत ठरवून नाव मांडतो. दुसरी वाट जास्त महत्त्वाची, मालक भाडं भरायला विसरतो. मुदत संपल्यावर काही दिवस सवलत मिळते. ती किती, हे ज्याच्याकडे नाव नोंदवलं त्या कंपनीवर अवलंबून असतं. ती जास्तीत जास्त ४५ दिवसांची असते. तीही गेली की पुढचे ३० दिवस भरभक्कम दंड देऊन नाव सोडवून घेता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. पण मागणी असलेली नावं बरेचदा एवढी वाट बघतच नाहीत. काही कंपन्या सवलतीच्या काळातच ती हर्रासीला लावतात. आणि जी मोकळी होतात, त्यांच्यावर टपून बसलेले संगणक असतात. सुटल्या क्षणी झडप! डोळ्याची पापणी लवते न लवते तोच नाव दुसऱ्याचं झालेलं असतं.

बोली बहुधा काही दिवस चालते. तुम्ही ‘माझी हद्द पाच हजारांपर्यंत’ असं सांगून ठेवलं, की समोरच्याने वाढवलं तशी संगणकच तुमच्या वतीने थोडी थोडी बोली वाढवत जातो. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की बऱ्याच ठिकाणी वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. म्हणजे ऐनवेळी येऊन हळूच माल उचलायची सोय नाही. बोली जिंकली की पैसे थेट विकणाऱ्याच्या हातात देत नाहीत. मोठ्या व्यवहारात तिऱ्हाईत कंपनी पैसे धरून ठेवते. नाव घेणाऱ्याच्या खात्यात आलं की मगच विकणाऱ्याला रक्कम मिळते. मधल्या बाजारवाल्याचं कमिशन पंधरा-वीस टक्के सर्रास असतं.

जुन्या, वापरलेल्या नावाला एवढी मागणी का, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सोपं आहे. रानातली पाऊलवाट बघा. वाट काढणारा माणूस गेला तरी लोक त्याच वाटेने चालत राहतात. तसंच जुन्या पत्त्याकडे जाणारे दुवे दुसऱ्या साइटवर तसेच राहतात, छापील पत्रकांवर तो पत्ता तसाच असतो, लोकांच्या पायाला सवय असते. विकत घेणारा नावाबरोबर ही सवयसुद्धा विकत घेतो. कमावली कोणी आणि खाल्ली कोणी!

कोणाचं नशीब, कोणाचा चांगुलपणा

या बाजारातले आकडे ऐकून डोकं गरगरतं. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे एक नाव तीन कोटी डॉलरला विकलं गेलं. तेव्हाचे दोनशे कोटी रुपये! नुसतं नाव. ना इमारत, ना यंत्र, ना माणसं.

कॅरिबियन समुद्रात अँग्विला नावाचं चिमुकलं बेट आहे. लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या पाच-सहा मोठ्या गावांएवढी. देशोदेशींना दोन-दोन अक्षरं वाटून दिली तेव्हा या बेटाच्या वाट्याला ‘एआय’ ही अक्षरं आली. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला जगभर एआय म्हणू लागले आणि बेटाचं भाग्य उघडलं. जो तो ‘डॉट एआय’ मागू लागला. २०२३ मध्ये बेटाच्या सरकारला यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. सरकारी उत्पन्नाचा वीस टक्क्यांहून जास्त वाटा. मुदत संपलेली नावं तिथेही हर्रासीत जातात. गावच्या तलावाचा लिलाव करून ग्रामपंचायतीने दिवाबत्ती करावी, तसंच झालं हे.

आपल्याकडच्या दोन गोष्टी तर ऐकण्यासारख्याच. कच्छमधल्या मांडवीचा सन्मय वेद हा तरुण अमेरिकेत शिकत होता. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये नावं चाळता चाळता त्याला दिसलं, ‘गुगल डॉट कॉम’ विकायला आहे, किंमत १२ डॉलर! त्याने पैसे भरले आणि जवळजवळ मिनिटभर गुगलचं नाव त्याच्या ताब्यात होतं. लगेच गुगलने व्यवहार रद्द केला. कंपनीने त्याला बक्षीस देऊ केलं तर तो म्हणाला, मला नको, समाजकार्याला द्या. मग गुगलने रक्कम दुप्पट करून भारतातल्या शिक्षणाच्या कामाला दिली.

दुसरी गोष्ट २०२४ ची. जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार अशी कुजबुज सुरू झाली होती. दिल्लीच्या एका तरुणाने आधीच ओळखून ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ घेऊन ठेवलं होतं. ऑक्टोबरमध्ये त्याने रिलायन्सला जाहीर विनंती केली, माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या. रक्कम एक कोटी रुपयांच्या घरात. कंपनीने मानलं नाही, उलट कायद्याचा धाक दाखवला. मग ते नाव त्याच्याकडून दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी घेतलं आणि कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार सुरूही झालं. बघा, नाव एकच, पण एकाला त्यात फी दिसली आणि लेकरांना देण्यातला आनंद!

व्यापार आणि अडवणूक

इथे एक रेघ ओढली पाहिजे. ‘तांदूळ’, ‘साडी’, ‘प्रवास’ असे साधे शब्द कोणी आधी घेतले आणि जास्त भावाने विकले, तर तो व्यापार आहे. त्याला कोणी हरकत घेत नाही. पण दुसऱ्याने घाम गाळून कमावलेलं नाव, किंवा त्याच्यासारखंच दिसणारं फसवं नाव घेऊन बसायचं आणि पैसे मागायचे, याला अडवणूक म्हणतात. इंग्रजीत सायबर स्क्वॉटिंग. स्क्वॉटिंग म्हणजे दुसऱ्याच्या जागेवर ठिय्या मारून बसणं.

याचा एक गाजलेला निकाल आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. १९९९ मध्ये ‘रेडिफ’ या कंपनीने ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेणाऱ्याविरुद्ध दावा लावला. एका अक्षराचा फरक! न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरचं नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखं त्यालाही संरक्षण मिळालं पाहिजे. २००४ मध्ये ‘सिफी’ कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व उचलून धरलं. आपल्याकडे या अडवणुकीसाठी वेगळा कायदा अजून नाही. व्यापारचिन्हाच्या कायद्यावरच काम चालतं. डॉट इनच्या भांडणांसाठी निक्सीची लवादाची सोय आहे. डॉट कॉमसाठी जिनिव्हाच्या जागतिक संस्थेकडे जाता येतं, पण तिथली नुसती फीच १,५०० डॉलरपासून सुरू होते.

कंपन्यांचं ठीक आहे हो. त्यांच्याकडे वकील असतात, पैसा असतो. आपल्यासारख्यांचं काय?

पत्त्यावर पत्ते!

आमच्या भागातल्या एका बचत गटाची गोष्ट सांगते. गटाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बाराजणी आहेत. मोहफुलाचे लाडू, हातसडीचा तांदूळ, शिंगाड्याचं पीठ असा माल करतात. प्रदर्शनात माल चांगला खपू लागला तेव्हा शहरातला एक मुलगा आला. म्हणाला, ‘मावशी, आठ हजारांत वेबसाइट करून देतो.’ त्याने करून दिली, अगदी देखणी. बायकांचे फोटो, लाडवांचे फोटो, खाली फोन नंबर. गटाने हौसेने पत्ता पाकिटांवर छापून घेतला.

दोन-अडीच वर्षं बरी गेली. मग एक दिवस नागपूरच्या जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. ‘ताई, तुमच्या पाकिटावरचा पत्ता टाकला तर तिथे पत्त्यांचा जुगार दिसतोय!’ आधी कोणाला खरंच वाटेना. मग एकीच्या लेकीने मोबाईलवर उघडून दाखवलं. लाडवांच्या जागी रमीचा डाव मांडलेला. पत्त्यावर पत्ते!

मी गटांबरोबर काम करते म्हणून त्या माझ्याकडे आल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की नाव गटाच्या नावावर कधी नव्हतंच. त्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून ते घेतलं होतं. नंतर तो नोकरीला परगावी गेला. मुदत संपत आल्याची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, त्याने ती उघडली नाहीत. नाव हर्रासीत गेलं आणि कोणीतरी दूरदेशी बसून ते उचललं. गावाला, गटाला, लाडवांना त्याने कधी पाहिलेलं नाही. त्याला हवी होती ती फक्त चालती वाट. परत द्याल का, असं विचारलं तर उत्तर आलं, पाचशे डॉलर. चाळीस हजारांच्या वर! गटाच्या सचिव म्हणाल्या, ‘एवढ्यात तर पिठाची चक्की येते.’

खरंच होतं ते. कोर्टकचेरीत जायची ताकद नाही, नावाचं व्यापारचिन्ह नोंदवलेलं नाही. शेवटी गटाने काही शेकड्यांत डॉट इनचं नवं नाव घेतलं. या वेळी गटाचा स्वतःचा ईमेल काढून, गटाच्या खात्यातून पैसे भरून. शिल्लक राहिलेल्या दीड हजार पाकिटांवर बायकांनी रात्री बसून नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गोंदाची बाटली पुढे सारत अध्यक्ष काकू म्हणाल्या, ‘नाव आमचं, घाम आमचा आणि चावी दुसऱ्याच्या खिशात. अशी वेळ कोणावर येऊ नये बाप्पा!’

त्या मुलाच्या मनात पाप होतं असं मला वाटत नाही. पण ज्याच्या नावावर पावती, त्याचीच वस्तू. बाजाराला भावना कळत नाहीत.

घरबसल्या लाखो?

आता दुसरी बाजू. ‘नावं घ्या, हर्रासीत विका, घरबसल्या लाखो कमवा’ अशा जाहिराती मोबाईलवर फिरत असतात. शिकलेल्या लेकी-सुनांना हा मोह पडू शकतो. म्हणून जरा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू.

समजा शंभर नावं घेतली. एका नावाला वर्षाला १,२०० रुपये धरले तरी झाले १ लाख २० हजार. या धंद्यात मुरलेले लोकच सांगतात की शंभरातली एक-दोन नावं वर्षाला विकली गेली तरी बरं. दोन विकली, प्रत्येकी वीस हजारांना. आले ४० हजार. त्यातून वीस टक्के कमिशन गेलं, राहिले ३२ हजार. तोटा ८८ हजारांचा! आणि पुढच्या वर्षी उरलेल्या अठ्ठ्याण्णव नावांचं भाडं पुन्हा भरायचंच. व्हॉइस डॉट कॉमची बातमी छापून येते. न विकल्या गेलेल्या लाखो नावांची बातमी कोण छापणार? ज्यांनी यात कमावलं त्यांनी वर्षानुवर्षं बाजाराचा अभ्यास केला आणि पडून राहू शकणारा पैसा लावला. आपला पैसा पडून राहणारा नसतो. तो मुलीच्या फीचा असतो, खताच्या पोत्याचा असतो.

शिवाय ठगांचे प्रकार आहेतच. एक ईमेल येतो, ‘तुमचं नाव दुसऱ्या देशातली कंपनी घेते आहे, लगेच पैसे भरा नाहीतर जाईल.’ ती बहुतेक वेळा थाप असते. दुसरा प्रकार, कोणीतरी तुमच्या नावाला भारी किंमत देऊ करतो, पण आधी अमुक ठिकाणाहून किमतीचं प्रमाणपत्र आणा म्हणतो. तुम्ही प्रमाणपत्राचे पैसे भरता आणि गिऱ्हाईक गायब! तिसरा, मुदतवाढीचं खोटं बिल. मुदत खरोखर कधी संपते हे आपल्याला माहीत असेल तर असल्या बिलाला कोणी फसणार नाही. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

शेवटची अक्षरं वाचा

नावं कोणीही घेऊ शकतं, याचा ठगांनी किती फायदा घेतला पाहा. नाव नोंदवताना कोणी साहेब बसून खरं-खोटं तपासत नाही; सगळं यंत्रावर आपोआप होतं. २०२० मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दावा केला होता. कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते पत्ते घेऊन ठग लोकांना एजन्सी देतो म्हणून लुबाडत होते. त्या निकालातही न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नोंदणीचं हे आपोआप चालणारं यंत्र समजावून सांगितलं आहे.

म्हणूनच काही गल्ल्या अशा आखल्या आहेत की तिथे हर्रासी चालत नाही. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांना मिळतो. आपल्या शेजारच्या ताडोबाचंच उदाहरण घ्या. २०२३ मध्ये सफारीचं ऑनलाइन बुकिंग पाहणाऱ्या एजन्सीशी वाद होऊन प्रकरण पोलिसांत गेलं आणि त्यानंतर बुकिंग वनविभागाच्या सरकारी पत्त्यावर आलं. बँकांसाठीही आता वेगळी गल्ली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘बँक डॉट इन’ जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना त्या पत्त्यावर यायला सांगितलं. हा शेवट बँकेशिवाय कोणालाही मिळत नाही. तेव्हा बँकेच्या नावाने मेसेज आला तर सुरुवातीचं नाव बघून भुलू नका. पत्त्याच्या शेवटी काय लिहिलंय ते आधी वाचा.

आपलं नाव, आपल्या नावावर

आपल्या महाराष्ट्रात बाईच्या नावाची लढाई जुनी आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९२ मध्ये शासनानेही सातबारावर पत्नीचं नाव लावायचा निर्णय काढला. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लागू लागलं. सातबारा झाला, दाखला झाला. आता आपल्या कष्टाच्या मालाचं नावही आपल्याच नावावर असलं पाहिजे.

त्यासाठी फार शिकावं लागत नाही. गटाच्या येत्या बैठकीत हिशेबाच्या वहीबरोबर एवढं एक काम काढा. आपल्या वेबसाइटचं नाव कोणाच्या खात्यात आहे, कोणत्या ईमेलवर आहे, मुदत कधी संपते, हे तिन्ही विचारून वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या खात्यात असेल तर आजच गोडीगुलाबीने आपल्या खात्यात करून घ्या; संबंध चांगले असतात तोवर ते फुकट होतं. ईमेल एखादीच्या नवऱ्याचा किंवा मुलाचा नको, गटाचा असू द्या आणि पासवर्ड दोघींकडे ठेवा. जमत असेल तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदमच भरा. आणि माल चांगला चालत असेल तर व्यापारचिन्हाचाही अर्ज करा. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. बाराजणींत वाटली तर डोईवर पावणेचारशे.

वेबसाइट अजून नसेल तर घाई करू नका. पण ज्या दिवशी करायला द्याल, त्या दिवशी त्या मुलाला पहिला प्रश्न रंगाचा किंवा फोटोंचा विचारू नका. ‘नाव कोणाच्या खात्यात घेणार?’ हा विचारा. त्याचं उत्तर ‘तुमच्याच’ असं आलं, की मग खुशाल फोटो काढायला बसा.